लाइपझिगची वाफ, उरुळीचा घाम

१९०२ साली गिरगावातल्या एका घरात दहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणत होता. विषमज्वर, जोडीला न्यूमोनिया. तपासायला आलेल्या पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितले. मुलाचे वडील नुकतेच दक्षिण आफ्रिकेहून परतून मुंबईत वकिलीचा जम बसवू पाहत होते. त्यांनी नम्रपणे नकार दिला. मुलाचे नाव मणिलाल, वडिलांचे मोहनदास करमचंद गांधी.

डॉक्टरांनी अधूनमधून येऊन नाडी आणि छाती तपासायचे कबूल केले. उपचार वडिलांनी हाती घेतले. तीन-तीन मिनिटांचे कटिस्नान आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस, एवढ्यावर तीन दिवस काढले. ताप हटेना, १०४ अंशांपर्यंत चढे. शेवटी त्यांनी चादर भिजवून पिळली, मुलाला तिच्यात गुंडाळले, वरून घोंगड्या घातल्या आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. अंग तापलेल्या लोखंडासारखे, घामाचा थेंब नाही. मुलाला कस्तुरबांच्या स्वाधीन करून बाप चौपाटीवर फेऱ्या मारायला गेला. रामनाम घेत रात्री दहाच्या सुमारास परतला तेव्हा मुलगा घामाने निथळत होता आणि मला बाहेर काढा म्हणून विनवत होता. ताप उतरला. पुढे चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांचा रस यांवर मुलाला ठेवले.

हा प्रसंग गांधींच्या आत्मकथेत सविस्तर आहे. मुलगा बरा झाला तो ईश्वरकृपेने, पाण्याच्या उपचाराने की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असेही ते तिथेच विचारतात. त्यांच्या अनुयायांना हा प्रश्न फारसा पडला नाही. आज पुण्या-मुंबईच्या जिममधल्या सॉनाच्या दारावर ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर टाका’ असे लिहिलेले असते. त्या वाक्याचे मूळ बहुतेकांना आयुर्वेदात किंवा फिनलंडमध्ये सापडेल असे वाटते. महाराष्ट्रापुरते तरी ते जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सापडते, आणि ते इथवर आले त्या वाटेवर गिरगावातली ती ओली चादर आहे.

लुई कूने हा लाइपझिगचा माणूस डॉक्टर नव्हता. सुतारकामात वाढलेला, स्वतःचा लहानसा कारखाना चालवणारा. आईवडील आजारपणात गेले, स्वतःच्या पोटाचे दुखणे डॉक्टरांना आवरेना, तेव्हा तो जलोपचाराकडे वळला. १८८३ च्या ऑक्टोबरात त्याने लाइपझिगमध्ये उपचारगृह उघडले. त्याचा सिद्धांत कमालीचा सुटसुटीत होता: रोग एकच, त्याची रूपे अनेक. शरीरात न मानवणारे, परके द्रव्य साचते, ते कुजते, पोटातून वर मानेकडे आणि डोक्याकडे सरकते. त्यातून सगळे आजार. हे द्रव्य कुठे साचले आहे ते चेहऱ्यावरून आणि मानेवरून ओळखता येते, असा त्याचा दावा होता. उपाय म्हणजे कटिस्नान, घर्षणस्नान, सूर्यस्नान, साधा आहार आणि बाष्पस्नान. आपल्याकडच्या निसर्गोपचाराच्या पुस्तकांत ‘विजातीय द्रव्य’ हा शब्द पानोपानी भेटतो, तो कूनेच्या याच कल्पनेचा देशी अवतार.

वाफेसाठी कूनेने घडी घालता येणारा, फटी असलेला लाकडी बाक बनवला होता. रोगी त्यावर उघड्या अंगाने झोपे, बाकाखाली उकळत्या पाण्याची भांडी सरकवत, वरून लोकरी कांबळे जमिनीपर्यंत सोडत. घाम सुटला की लगेच गार पाण्याचे कटिस्नान. डॉक्टर नको, औषध नको, महागडे यंत्र नको. वसाहतीतल्या वाचकाला हे भावले नसते तरच नवल. १८९४ साली कूनेचे पुस्तक तेलुगूत आले; १९०४ च्या सुमारास बिजनौरच्या श्रोत्रिय किशन स्वरूप यांनी ते हिंदी आणि उर्दूत नेले. गांधींना ते दक्षिण आफ्रिकेतच भेटले होते. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी यांवर त्यांनी कटिस्नान घेऊन पाहिले, मग आडोल्फ युस्टचे पुस्तक वाचून पोटावर मातीची पट्टी ठेवू लागले.

आता कोणी म्हणेल, घाम काढणे आपल्याला कूनेने शिकवायला हवे होते काय? मुळीच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय संपूर्ण स्वेदनावर आहे. अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याच्या तेरा तऱ्हा त्यात दिल्या आहेत, आणि अग्नीवाचून दहा. या दहांत व्यायाम, जड पांघरूण, ऊन आणि भूक आहेत. शिवाय भीती, राग आणि लढाईसुद्धा आहे.

तेरांपैकी ‘जेंताक’ म्हणजे सरळसरळ सॉनाच. तळ्याकाठी, चांगल्या मातीच्या जागी, सोळा अरत्नी उंचीरुंदीचे गोल घर बांधायचे; अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर. भिंती मातीने लिंपायच्या, खिडक्या बऱ्याच ठेवायच्या. भिंतीलगत दारापर्यंत एक अरत्नीचा ओटा. मधोमध पुरुषभर उंचीची मातीची भट्टी, तिला छिद्रे आणि झाकण. भट्टीत खैर आणि अश्वकर्णाची लाकडे जाळायची. धूर गेला, घर तापले, की तेल लावलेल्या रोग्याला आत सोडायचे. पुढची सूचना विशेष वाचण्याजोगी आहे. घामाने मूर्च्छा येऊ लागली तरी ओटा सोडू नकोस, असे वैद्याने रोग्याला बजावायचे असते. ओटा सोडलास तर दार सापडणार नाही आणि जीव जाईल. घाम पुरेसा गेला की ओट्याच्या कडेकडेने दार गाठायचे आणि बाहेर पडताच गार पाण्याला हात लावायचा नाही. एवढा बारकावा पाहता लिहिणाऱ्याने रोगी कोसळताना पाहिला असावा असे वाटते.

बौद्ध भिक्षूंनाही हे घर ठाऊक होते. चुल्लवग्गात अशी कथा आहे की वैशालीत पक्वान्ने खाऊन भिक्षू आजारी पडू लागले, तेव्हा जीवक वैद्याने बुद्धाकडून दोन गोष्टींची परवानगी मागून घेतली: एक चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालण्याची जागा, आणि दुसरी जंताघर. आगीची धग लागू नये म्हणून तोंडाला माती लावायची, धुराला वाट ठेवायची, बसायला चौरंग हवा, असे नियम पुढे त्यात जोडत गेले.

पण चरक आणि कूने यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो नेहमी झाकला जातो. चरकाच्या मांडणीत स्वेद हा मल आहे खरा, पण स्वेदन हे पूर्वकर्म आहे, मुख्य उपचाराआधीची तयारी. तेलाने आणि उष्णतेने अंग मऊ करायचे, चिकटलेले दोष पातळ करून कोठ्याकडे आणायचे, आणि मग वमनाने किंवा विरेचनाने ते बाहेर काढायचे. वातावर, जखडलेल्या सांध्यांवर, कंबरदुखीवर ते स्वतंत्रपणेही करतात. मात्र त्वचेच्या छिद्रांतून सगळी घाण वाहून जाते आणि तीच खरी शुद्धी, ही चरकाची भूमिका नव्हे. ती लाइपझिगची आहे. पुढे दोन्ही एकमेकांत इतके मिसळले की वाफेच्या पेटीवर ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ लिहिणाऱ्यालाही आपण कोणाचे बोलत आहोत हे कळेनासे झाले.

घराघरांतली परंपरा तर या दोन्ही पुस्तकांना विचारून चालत नव्हती. मराठी घरात बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घातले की बाजेवर निजवत, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवत आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी देत. नागपूरकर भोसल्यांबरोबर मराठी माणूस छत्तीसगडात गेला, तेव्हा तिथे त्याला बाळंतिणीला औषधी मुळ्यांचा कढत काढा पाजण्याची रीत भेटली. तिथले लोक त्याला ‘कांके पानी’ म्हणतात. दुर्ग-रायपूरकडच्या घरांना शेगडी आणि काढा दोन्ही परिचयाचे. विष काढायचे आहे असे यात कोणी म्हणत नसे. कंबर भरून यावी, वारा लागू नये, एवढीच भाषा. कोंदट खोलीत कोळशाच्या धुराने बाळ-बाळंतिणीला अपायही होई, म्हणून डॉक्टर या शेगडीला विरोध करत आले, आणि तो रास्त होता.

उन्हाळ्यांचेही तसेच. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, दापोलीजवळचे उन्हवरे, संगमेश्वराकडचे तुरळ, राजापूरचे उन्हाळे ही गरम पाण्याच्या कुंडांची रांग कोकणपट्टीभर पसरली आहे. पावसाचे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा भेगांतूनच वर येते. जवळपास ज्वालामुखी असण्याची गरज नसते. लोक खरूज-नायट्यासाठी आणि गुडघ्यांसाठी तिथे जात आले. वज्रेश्वरीच्या देवळाचे नाव चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेशी जोडलेले आहे आणि गणेशपुरीचे नित्यानंद स्वामींशी, त्यामुळे न्हाणे आणि दर्शन एकाच फेरीत उरकते.

कूनेचा विचार या मुलखात संस्था होऊन उभा राहिला तो पुण्यात, रेल्वे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडवर. डॉ. दिनशा मेहता हे पारशी निसर्गोपचारक तिथे नेचर क्युअर क्लिनिक चालवत. मालिश, टब, वाफ, एनिमा, फळांचा रस अशी तिथली दिनचर्या. गांधींच्या १९४३ च्या उपवासात, आगाखान पॅलेसमधल्या कैदेत, मेहतांना त्यांच्याजवळ राहायची परवानगी मिळाली होती.

त्याच कैदेत, १९४२ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, गांधींनी ‘आरोग्यनी चावी’ हे छोटे पुस्तक गुजरातीत लिहिले. त्यात पाण्यावरच्या प्रकरणात वाफेचा उपाय येतो. सांधे धरलेल्या किंवा अंगाने फार सुटलेल्या माणसाला तो उपयोगी, असे ते सांगतात. कृती अशी: सुतळीने विणलेली खाट घ्या, त्यावर घोंगडी टाका, खाली उकळत्या पाण्याची एक-दोन झाकलेली भांडी ठेवा, रोग्याला वर निजवून पांघरूण जमिनीपर्यंत सोडा आणि मग झाकणे काढा. कूनेच्या घडीच्या बाकाची जागा बाळंतिणीच्या बाजेने घेतली होती! परदेशी विचार आपल्या घरात कसा येऊन बसतो याचे याहून नेटके उदाहरण मिळणे कठीण.

सुटकेनंतर गांधी मेहतांच्या क्लिनिकमध्ये वरचेवर राहिले. तिथल्या नोंदीनुसार एकूण १५६ दिवस. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी ऑल इंडिया नेचर क्युअर फाउंडेशन ट्रस्टच्या दस्तावर त्यांनी सही केली आणि ते त्या न्यासाचे अध्यक्ष झाले. निसर्गोपचार दिन १८ नोव्हेंबरला पाळतात तो त्यामुळे. क्लिनिक गरिबांसाठी खुले करायचे ठरले, पण लवकरच गांधींना उमगले की शहरातल्या त्या बंगल्यापर्यंत गरीब पोचणारच नाहीत. श्रीमंतांना टब आणि वाफ मिळेल, खेड्याला काहीच नाही. १९४६ च्या वसंतात त्यांनी जाहीरपणे आपला बेत बदलला आणि पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरचे, सोलापूरच्या लोहमार्गावरचे उरुळी कांचन निवडले.

२२ मार्च १९४६ ला ते उरुळीत उतरले आणि ३० मार्चपर्यंत राहिले. सकाळी रोग्यांची रांग लागे. उपाय साधेच: रामनाम, ऊन, कटिस्नान, घर्षणस्नान, दूध, फळे. औषधाची बाटली नाही हे पाहून काही गावकरी निराशही झाले असतील. महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली आणि १ एप्रिल १९४६ ला निसर्गोपचार ग्रामसुधार ट्रस्ट अस्तित्वात आला. मागे राहिले मणिभाई देसाई, सुरतेकडचा पंचविशीतला तरुण. या गावात आयुष्य घालवीन, असा शब्द त्यांनी गांधींना दिला होता. तो त्यांनी १९९३ पर्यंत, मरेपर्यंत पाळला.

विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनीही उरुळी हेच घर केले. ते स्वतः क्षयाने बेजार झालेले. प्रतिजैविकांआधीच्या काळात मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न हाच क्षयाचा उपचार जगभर होता, त्यामुळे निसर्गोपचार आणि डॉक्टरी यांच्यातले अंतर तेव्हा आजच्याइतके रुंद नव्हते. बाळकोबांच्या देखरेखीत आश्रम वाढला.

मणिभाईंची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. आजाराचे मूळ दारिद्र्यात आहे हे त्यांना फार लवकर दिसले. त्यांनी शेती, शाळा, गाई यांत लक्ष घातले. १९६७ मध्ये उरुळीत ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि संकरित गाईंचा कार्यक्रम देशभर नेला. १९८२ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना लोकसेवेसाठी मिळाला. वाफेच्या खोलीपासून सुरू झालेल्या कामाने महाराष्ट्राच्या आरोग्याला सर्वांत मोठी देणगी दिली ती दुधाच्या रूपात, असे म्हटले तर आश्रमाचा मान कमी होत नाही.

ताडीवाला रोडची जागा पुढे सरकारकडे आली आणि १९८६ च्या डिसेंबरात तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान सुरू झाले. वास्तूला बापू भवन म्हणतात.

दरम्यान वाफेची साधने बदलत गेली. खाटेच्या जागी माणसाचे डोके तेवढे बाहेर ठेवणारी लाकडी पेटी आली, मग फायबरची. वैद्यांच्या दवाखान्यात स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आला: आत निर्गुंडीची पाने किंवा दशमुळांचा काढा, शिट्टीच्या जागी रबरी नळी, आणि नळीच्या तोंडाशी रोग्याचा गुडघा. चरकाच्या नाडीस्वेदाची ही विसाव्या शतकातली आवृत्ती अजून कित्येक ठिकाणी चालू आहे. हल्लीचा इन्फ्रारेड सॉना मात्र या घराण्यातला नाही. त्याचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन केलॉग यांची विजेच्या दिव्यांची पेटी. १८९० च्या दशकात तिचा बराच बोलबाला होता. कॉर्नफ्लेक्सचे केलॉग ते हेच.

आणि फिनलंड? तिथली हवा ८० ते १०० अंशांपर्यंत तापते, पण कोरडी असते. दगडांवर पाणी शिंपडले की तेवढ्यापुरती वाफ. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि कातडी निवते, म्हणून माणूस टिकतो. वाफेच्या पेटीत हवा दमट, घाम उडत नाही, त्यामुळे पंचेचाळीस-पन्नास अंशही जड जातात. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सॉना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथे कोणी विष काढायला जात नाही. घरातली माणसे आठवड्याला एकत्र बसून घाम काढतात, गप्पा मारतात, नाहीतर गप्प बसतात.

उष्णतेने काहीच होत नाही असे नाही. रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी भरभर चालल्यावर वाढावी तशी वाढते, स्नायू सैल पडतात, कडक सांधा तात्पुरता हलका होतो. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मरण येण्याचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. पण हा निरीक्षणाचा अभ्यास. रोज सॉनात बसू शकणारा माणूस मुळातच धडधाकट आणि निवांत असण्याची शक्यता जास्त, हे लक्षात ठेवून तो वाचायला हवा.

विषद्रव्यांचे मात्र गणित जुळत नाही. घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणी, त्यात मीठ, थोडे युरिया, थोडे लॅक्टेट. धातूंचे आणि रसायनांचे अंश सापडतात, पण नगण्य. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि यकृत त्यांच्या जोडीला असते. वीस मिनिटांत वजन अर्धा किलो उतरते ते पाणी. दोन पेले प्यायले की जागेवर येते.

घामानेच शुद्धी होत असती तर भिलाईच्या पोलाद कारखान्यातला कामगार देशातला सर्वांत निरोगी माणूस ठरायला हवा होता. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला पेटली. दीड हजार अंशांच्या वितळलेल्या लोखंडासमोर पाळीच्या पाळ्या काढणाऱ्याच्या घामाला कोणी डिटॉक्स म्हणत नाही. औद्योगिक आरोग्यशास्त्रात त्याला उष्णताताण म्हणतात आणि त्यावर पाणी, मीठ, विसावा असे उपाय सांगतात. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्व्हाडोरमध्ये, उन्हात ऊस तोडणाऱ्या हजारो तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि वर्षानुवर्षांचा उष्णताताण व पाण्याची तूट हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. शरीर साफ करणारा अवयवच अति घामाने बिघडतो, हे कूनेच्या सिद्धांतात कुठेच बसत नाही.

अतिरेकाचा दाखला खुद्द फिनलंडनेही दिला. हाइनोला गावात १९९९ पासून जागतिक सॉना स्पर्धा भरत असे: ११० अंशांत कोण जास्त वेळ टिकतो. २०१० च्या अंतिम फेरीत एक स्पर्धक मरण पावला, दुसरा गंभीर भाजला, आणि स्पर्धा कायमची बंद झाली. जेंताकातल्या रोग्याला दाराकडे कसे जायचे हे आधी शिकवणारा वैद्य तिथे हवा होता.

तेव्हा उरुळीला जा, वज्रेश्वरीला जा, नाहीतर कोपऱ्यावरच्या जिममध्ये बसा. आखडलेल्या पाठीला बरे वाटेल, झोपही लागेल. चरकाने गर्भिणी, मद्यपी आणि मधुमेही यांना स्वेदन वर्ज्य सांगितले आहे. आजचा डॉक्टर त्यात नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, रक्तदाब फार खाली जाणारे आणि शरीरातले पाणी काढणारी गोळी घेणारे यांची भर घालतो. यांपैकी कोणी असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर पाणी प्यावे, पंधरा-वीस मिनिटांवर बसू नये, उठताना सावकाश उठावे, आणि दारावरच्या पाटीचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत.